जावक क्रमांक अकराशे सत्याऐंशी

प्रस्तुत इसम पुरुष असून वय वर्षे एकोणसत्तर पूर्ण, उंची मध्यम, बांधा कागदी. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून पडलेला घट्टा. सेवा: एका कार्यालयात, एका विभागात, एकाच खिडकीमागे, एकूण चौतीस वर्षे सात महिने. पदनाम: आवक-जावक लिपिक, पुढे ज्येष्ठ आवक-जावक लिपिक, म्हणजे काम तेच, फक्त खुर्चीला हात आले. कर्तव्ये: कार्यालयात आलेले प्रत्येक पत्र आवक वहीत व गेलेले प्रत्येक पत्र जावक वहीत क्रमांक देऊन नोंदवणे. सेवाकाळात झालेली शिक्षा: नाही. हरवलेली पत्रे: शून्य. हाताखालून गेलेली पत्रे: अंदाजे पावणेचार लाख. त्यांतलं त्यांच्या स्वतःच्या नावाचं एकही नव्हतं.

कार्यालयात त्यांना सगळे जावकराव म्हणत. हे नाव चहावाल्याने ठेवलं की साहेबांनी, यावर दोन मतं आहेत. निरोपाच्या दिवशी साहेबांनी खरं नाव घेऊन भाषण सुरू केलं, तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं की आणखी कुणीतरी निवृत्त होतंय. तेव्हा आपणही जावकरावच म्हणू.

जावकरावांच्या घरात माणसं दोन. दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोन माणसांची तीन मिनिटांची लाइन जोडून द्यायची आणि मधून बाजूला व्हायचं, हे तिने सव्वीस वर्षं केलं. त्यामुळे तिचं बोलणं तीन मिनिटांत संपतं आणि नवऱ्याचं तीन मिनिटांत सुरूच होत नाही. संसार बहुधा याच सोयीवर टिकला.

घरात कॉम्प्युटर आला तो ताईमुळे. ताई म्हणजे जावकरावांची थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी, एका दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतरावर एकटी राहणारी. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर ती ई-मेल शिकली आणि धाकट्या भावाला तिने शेवटचं कागदी पत्र धाडलं: "यापुढे तुझ्या पाकिटांची वाट बघत बसणार नाही. मशीन घे." भावाने मशीन घेतलं. ताईचं ऐकायचं नाही, असा पर्याय त्यांच्या घरात लहानपणापासूनच उपलब्ध नव्हता.

मशीन खिडकीजवळच्या टेबलावर बसलं आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला दोन जाड वह्या बसल्या. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. आलेला प्रत्येक मेल जावकराव आवक वहीत नोंदवत. त्यात ताईची पत्रं होती, वीजबिलं होती, बुटांच्या जाहिराती होत्या. 'आपण लॉटरी जिंकला आहात' असा एक मेल आला, त्यालाही क्रमांक मिळाला आणि शेऱ्याच्या रकान्यात 'कार्यवाही नको' असं आलं. अकरा वर्षांत एकही मेल त्यांनी पुसला नव्हता.

"हे बुटांचे तरी काढून टाका," बायको म्हणायची.

"अभिलेख नष्ट करायला समिती लागते."

"मी आहे ना समिती."

यावर जावकराव वहीत बघायचे.

पाठवायच्या पत्राची रीत याहून कडक होती. आधी मजकूर, मग वहीत नोंद, मग तो क्रमांक पत्राच्या डोक्यावर, आणि सगळ्यात शेवटी बटण. नोंद आधी, बटण नंतर. एकदा वहीत चढलेलं पत्र मागे घेता येत नाही, हे त्यांचं मत नव्हतं, तो नियम होता. मतं त्यांना फारशी नव्हतीच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ताईच्या नातीला गणितात कमी गुण पडले.

पोरगी रडून रडून जेवेना. तिला धीर द्यावा म्हणून ताईने एक मेल लिहिला, आणि धीर सगळ्यांच्याच उपयोगी पडेल म्हणून तो नात्यातल्या सत्तावीस जणांना पाठवला. "अगं, रडतेस काय," असं त्यात होतं. "तुझा हा आजोबा सातवीत गणितात नापास झाला होता. प्रगतिपुस्तक दप्तरात दडवून तीन दिवस हिंडला. शेवटी बाबांची सही मी ठोकली. काही बिघडलं का त्याचं? जन्मभर आकडेच लिहीत बसला."

नात जेवली. सत्तावीसपैकी एकोणीस जणांची हसरी उत्तरं आली. एका भाच्याने लिहिलं, "मामा, तुम्ही तर छुपे रुस्तम." जावकरावांनी एकोणीसही उत्तरं आवक वहीत नोंदवली आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द उभा घातला: उपहासात्मक.

मग दोन दिवस खिडकीजवळच्या टेबलावरून स्कॅनरचं कण्हणं ऐकू येत राहिलं. बायकोने विचारलं, "एवढं काय चाललंय?" उत्तर मिळालं, "पत्रव्यवहार." या दोन दिवसांत त्यांनी नवा मेल एकही बघितला नाही, कारण एका वेळी एकच प्रकरण हाती घ्यायचं हाही नियमच होता.

तयार झालेलं पत्र चौदा मुद्द्यांचं होतं. विषय: सातवी इयत्तेतील गणिताच्या निकालाबाबत चुकीची माहिती प्रसृत केल्याबाबत. तिसऱ्या मुद्द्यात असं स्पष्ट केलं होतं की, निम्नस्वाक्षरीकारास चौतीस गुण मिळाले असून शाळेने एक गुण सवलतीचा दिल्याने ते पस्तीस होतात, सबब 'नापास' हा शब्द वस्तुस्थितीस धरून नाही. नवव्या मुद्द्यात सहीचा समाचार होता. चौदाव्यात लिहिलं होतं: "सबब यापुढे आपणाशी सर्व पत्रव्यवहार बंद करण्यात येत आहे. आपल्या इकडे येण्याजाण्यासही हाच निर्णय लागू राहील." खरं सांगायचं तर तेराव्या मुद्द्यालाच राग संपला होता. पण पत्राला शेवट हवा, आणि जावकरावांना शेवट एवढाच येत होता.

सोबत सहपत्रं चौदा. प्रगतिपुस्तक पुढून, प्रगतिपुस्तक मागून, शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तकाचं पहिलं पान, असं करत करत निरोपाच्या मानपत्रापर्यंत.

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी जावक वहीत अकराशे सत्याऐंशी हा क्रमांक घातला, शाई वाळू दिली आणि बटण दाबलं.

मेलचा प्रोग्राम जागच्या जागी थिजला.

पडद्यावरची खिडकी पांढरट पडली. बाणाच्या जागी एक चकती गरगरू लागली. जावकरावांनी हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. समोरचं खातं उत्तर देत नसेल तर आधी वाजवी मुदत द्यावी लागते. ती संपल्यावर त्यांनी बटण पुन्हा एकदा दाबलं, हे पहिलं स्मरणपत्र. पाच मिनिटांनी दुसरं. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर पडद्यावर चौकट आली: 'प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. थांबायचं की बंद करायचं?' जावकराव चौकटीकडे कौतुकाने बघत राहिले. आपण प्रतिसाद देत नाही असं लेखी कळवणारं खातं त्यांना उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं. त्यांनी 'थांबा' निवडलं.

थांबून काही झालं नाही, तेव्हा त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. प्रोग्राम उघडला, कुणी न सांगता पत्र पाठवायला लागला, खाली एक हिरवी पट्टी दोन बोटं सरकली आणि सगळं पुन्हा थिजलं. त्यांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पट्टी अडीच बोटं गेली. "चल, चल," जावकराव तिला म्हणाले. चौथ्या खेपेला साडेअकरा वाजले होते आणि पट्टी अर्ध्यावर आली होती. तेवढ्यात बायको आत आली.

"ताईंचा फोन होता," ती म्हणाली.

"फोन कशाला करते ती? लिहिते ना."

"लिहिलंयच. काल तुम्हाला मेल केलाय म्हणाल्या. उत्तर आलं नाही म्हणून मशीन बिघडलंय का ते विचारत होत्या." तिने पदराला हात पुसले. "डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांचं. आधी एक, मग दुसरा. तिकडे कोण आहे बघायला? म्हणून इकडे करायचं म्हणतात. सहा आठवडे राहतील आपल्याकडे."

"मग ये म्हणावं."

"मी म्हटलंच हो. तर म्हणाल्या, तुझं नको, त्याचं हवं. तोंडावर विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो. म्हणून लेखी विचारलंय. त्याचं लेखी उत्तर आल्याशिवाय मी तिकीट काढायची नाही." ती जरा थांबली. "आजवर कधी कुणाकडे काही मागितलं नाही त्यांनी. आवाज वेगळाच येत होता."

जावकरावांनी जावक वहीवर हात ठेवला. बायकोने सव्वीस वर्षं तारेच्या दोन्ही टोकांची शांतता ऐकली होती. कुठली शांतता लाइन बिघडल्याची आणि कुठली माणूस बिघडल्याची, हे तिला लगेच कळायचं.

"काय केलंत तुम्ही?"

"एक पत्र पाठवलंय."

"कुणाला?"

"ताईला."

"मग झालंच की काम."

"तसलं पत्र नाही ते."

"मग कसलं आहे?"

"चौदा मुद्द्यांचं."

बायको खुर्ची ओढून बसली. "शेवटचा मुद्दा काय आहे तेवढं सांगा."

जावकरावांनी वहीकडे बघत सांगितलं.

"आणि गेलं ते?"

"तेच तर कळत नाही. चारदा अडकलंय. मधल्या मध्ये कधी गेलं असेल तर…" असं म्हणत त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. हिरवी पट्टी पुन्हा हलत होती. अर्ध्यावरून ती पाऊणवर आली. पत्र पोचू नये असं जावकरावांना जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, आणि त्यासाठी काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नियम आठवायला सुरुवात केली. बायको उठली, टेबलामागे वाकली आणि भिंतीतली इंटरनेटची निळी वायर तिने उपटून हातात घेतली.

पट्टी थांबली.

"हे काय केलंस?"

"लाइन तोडली," बायको म्हणाली. "आता बोला."

बोलण्यासारखं फार नव्हतं. बायकोचं म्हणणं, सरळ फोन करून सांगा. जावकरावांचं म्हणणं, काय सांगू? तुला मिळालं की नाही हे मला माहीत नसलेलं पत्र तू वाचू नकोस, असं सांगू? मग ती काय करेल? आधी तेच वाचेल.

"वाचतील," बायको म्हणाली. "आणि इकडे पाऊलही टाकायच्या नाहीत. डोळे गेले तरी."

ते खरं होतं. ताई भावाहून पाच वर्षांनी आणि मानाने पंचवीस वर्षांनी मोठी होती. पेच असा की, मशीन बिघडलेलं राहिलं तर ताईचा मेल वाचता येत नाही, उत्तर जात नाही आणि ताई येत नाही. मशीन दुरुस्त झालं तर ते सगळ्यात आधी अकराशे सत्याऐंशी पाठवणार, आणि मग ताई कधीच येत नाही.

"दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावते," म्हणून बायको खाली उतरली.

दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, किल्लीवाला आणि चष्मेवाला यांच्या मध्ये चिमटलेलं होतं. बाई पन्नाशीच्या, केस आखूड, कानावर पेन्सिलीऐवजी बारीक स्क्रूड्रायव्हर. त्यांचे वडील टाइपरायटर दुरुस्त करत. बाई माणसांशी अहोजाहो बोलत आणि यंत्रांशी अरेतुरे. त्यांनी दुकानावर 'येते' अशी पाटी अडकवली आणि काकूंच्या मागून जिना चढल्या.

"काका, शेवटचं काय केलंत याला?"

"सगळं रीतसर केलं," जावकराव म्हणाले. "तीन स्मरणपत्रं दिली. चार वेळा बंद करून चालू केला."

"आणि वायर कुणी काढली?"

"मी," बायको म्हणाली.

"नामी काम केलंत काकू. तेवढं एकच बरोबर झालंय."

जावकरावांना हे लागलं, पण नोंद घेण्याची वेळ नव्हती.

बाईंनी वायर तशीच बाहेर ठेवली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि एक कळ दाबून धरून मेलचा प्रोग्राम उघडला. "असं हात धरून उठवलं की नुसता उठतो. लगेच कामाला धावत नाही," त्या म्हणाल्या. "ऊठ बाबा. सावकाश. कुठे जायचं नाहीये तुला." प्रोग्राम उठला. खिडकी पांढरी पडली नाही. बाईंनी डावीकडच्या यादीत बोट ठेवलं. "हा आउटबॉक्स. यात एक पत्र आहे."

"म्हणजे गेलं नाही?"

"यात आहे म्हणजे दारात उभं आहे. चपला घातल्यात, उंबरा ओलांडलेला नाही. पण थांबा, तुम्ही चारदा हाकललंय त्याला. पाठवलेल्यांत बघू दे."

पाठवलेल्या पत्रांची यादी खालून वर सरकू लागली. जावकराव उभे राहून बघत होते, बायको बसून. क्रमांक अकराशे शहाऐंशी दिसला: सोसायटीच्या गच्चीवरील नळाबाबत. त्याच्या वर काहीच नव्हतं.

"गेलेलं नाही," बाई म्हणाल्या.

जावकराव बसले. दोघांपैकी कुणीतरी उसासा टाकला; कुणी, हे दोघांनीही मान्य केलं नसतं.

"पण का गेलं नाही?" त्यांना राहवेना. सुटका झाली तरी कारण हवंच.

"तेच बघतेय. अहो, हे आहे केवढं? हे म्हणजे कपाट घेऊन पोस्टाच्या पेटीत घालायला निघालात." बाईंनी सहपत्रांची यादी उघडली, ती पडद्यात मावेना. त्या पुटपुटत मोजत गेल्या. "बेचाळीस. काका, हे एकच पान मला तीनतीनदा दिसतंय. चुकून झालं का?"

"चुकून कसं? तीन प्रतींत आहे."

बाईंनी खुर्ची वळवली. "मेल तीन प्रतींत?"

"सहपत्रं तीन प्रतींतच जोडतात. एक मूळ, ताईसाठी. दुसरी, तिच्या फाइलसाठी."

"आणि तिसरी?"

जावकरावांनी विचार केला. चौतीस वर्षं सात महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "तिसरी असते," ते म्हणाले.

"आणि प्रत्येक प्रत वेगळी स्कॅन केलीत?"

"प्रत म्हणजे प्रत. त्याच त्या कागदाला तीन प्रती कसं म्हणणार?"

बाईंनी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "एकेकच जोडली असतीत ना, तर साडेदहाच्या आत हे पत्र तिकडे पोचलं असतं. तुमच्या त्या तिसऱ्या प्रतीने वाचवलंय तुम्हाला."

जावकरावांच्या चेहऱ्यावर क्षणभर सरकारी समाधान पसरलं. ते बायकोने पाहिलं.

"उघडा ते," ती बाईंना म्हणाली. "मला वाचायचंय."

"काढूनच टाकतोय आपण. वाचायचं कशाला?" जावकराव म्हणाले.

"काढताय म्हणूनच. कशातून वाचलो ते कळू दे."

पत्र उघडलं. बायकोने ते मनात वाचलं, भराभर. पहिल्या आठ मुद्द्यांना तिने फक्त मान हलवली. नवव्याला ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. "'सदर प्रगतिपुस्तकावरील स्वाक्षरी वडिलांची नसून आपण केलेली असल्याने ती बनावट ठरते, व बनावट स्वाक्षरी करणाऱ्या व्यक्तीने इतरांच्या गुणांबाबत भाष्य करणे उचित नाही.'" तिने चष्मा काढला. "हे तुम्ही लिहिलंत."

"वस्तुस्थिती आहे."

"सही कशाला केली होती त्यांनी?"

जावकरावांनी जावक वहीचा कोपरा सरळ केला. "बाबांनी मारलं असतं मला."

"मग कळलंच नाही बाबांना?"

"कळलं. महिन्याभराने मास्तर भेटले रस्त्यात."

"मग?"

"ताईला मारलं."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"आतल्या खोलीत," जावकराव म्हणाले. "दप्तर भरत होतो."

दुरुस्तीवाल्या बाई कीबोर्डमधली धूळ फुंकत होत्या. ती तशी फार नव्हती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काका, काढू?"

"नको. मी काढतो." जावकराव पुढे सरकले. त्यांनी एका बोटाने कळ दाबली. चौकट आली: 'हे कायमचं काढून टाकायचं आहे, याची खात्री आहे का?' कार्यालयात त्यांना असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी लेखी मुदत मागितली असती. इथे त्यांनी 'हो' दाबलं. आउटबॉक्स रिकामा झाला. अकरा वर्षांत नष्ट झालेला हा त्यांचा पहिला कागद, आणि समिती हजर होती.

बाई वायर लावायला वाकल्या, पण जावकराव वहीकडे बघत बसले होते.

"आता काय?" बायको म्हणाली.

"क्रमांक."

"काय झालं क्रमांकाला?"

"इथे अकराशे सत्याऐंशी चढलाय. पत्र नाही. नोंद आहे आणि पत्र नाही, असं होत नाही."

"झालंय ना आता."

"रद्द करता येतं," जावकराव स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "लाल शाईने. पण वरिष्ठांची सही लागते. मला अधिकार नाही."

दुरुस्तीवाल्या बाईंनी टेबलाखालून मान वर काढली आणि काकूंकडे बघितलं. जावकरावांनीही बघितलं. बायकोने हात पुढे केला. त्यांनी खणातून लाल पेन काढून तिच्या हातात दिलं आणि कुठे ते बोटाने दाखवलं. तिने आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, खाली सही केली.

"कारण लिहावं लागतं," जावकराव म्हणाले. "शेऱ्याच्या रकान्यात. थोडक्यात."

बायकोने थोडक्यात लिहिलं: गाढवपणा.

जावकरावांनी ते वाचलं. रकान्यात बसत होतं. त्यांनी टीपकागद दाबला.

वायर जोडल्यावर दोन दिवसांचे मेल धडाधड आत आले. बुटांचे चार, त्यांच्यामागून ताईचा. त्यात तीनच ओळी होत्या. बायकोने फोनवर सांगितलं तेच होतं, शिवाय शेवटी एक वाक्य: "जमत नसेल तर तसं सरळ लिही, मी मनात ठेवणार नाही." ताई आयुष्यभर सगळं मनात ठेवत आली होती, त्यामुळे हे वाक्य लिहायला तिला किती वेळ लागला असेल याचा जावकरावांना अंदाज होता.

"आता या मशीनवर अकरा वर्षांचं ओझं आहे," बाई स्क्रूड्रायव्हर कानावर ठेवत म्हणाल्या. "उद्या येऊन बुटांचे काढते. आज उत्तर पाठवायचं असेल तर हलकं लिहा. सहपत्र एकही नको." आणि त्या जिना उतरून गेल्या.

जावकराव लिहायला बसले. पहिला मसुदा 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा सुरू झाला आणि 'आपली विनंती खालील अटींस अधीन राहून मान्य करण्यात येत आहे' इथपर्यंत गेला. बायकोने मागून वाचलं.

"अटी कुठल्या?"

"अजून ठरल्या नाहीत."

"तीन मिनिटं देते," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दुसऱ्या मसुद्यात अटी नव्हत्या, पण 'आपण' होतं. ताईला त्यांनी जन्मात कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. बोलताना तोंडातून 'तू' येई आणि लिहिताना हातातून 'आपण', एवढ्या वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. त्यांनी तेही पुसलं. पडद्यावर काहीच उरलं नाही. चहा उकळून कपात आला, कपात निवत गेला. शेवटी त्यांनी एक शब्द लिहिला: "ये." तो फारच उघडा दिसत होता. त्याच्या अंगावर काय घालावं, याचा विचार करत ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मग पुढे चार शब्द जोडले. बायको कप न्यायला आली तेव्हा पत्र गेलेलं होतं. पाठवलेल्यांच्या यादीत सगळ्यात वर ते दिसत होतं, तिने उघडून वाचलं.

"ये. गणिताचं खरं आहे ते."

तिने कप उचलला आणि आत नेला.

पुढच्या आठवड्यात ताई आली. जावकराव गाडीवर घ्यायला गेले होते. ताई डब्यातून उतरली ती जाड चष्म्यातून चारी दिशांना बघत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री, जणू वर्ग बाहेर काढून सहलीला निघालेली. भाऊ दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तरी तिने त्याला हाकेवरूनच ओळखलं.

"मशीन झालं का रे नीट?"

"झालं."

"काय झालं होतं?"

"जड झालं होतं."

"तू काहीही साठवतोस," ताई म्हणाली. मग पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात चाचपून तिने एक कागद काढला. "हे बघ जरा. परतीची तारीख कुठली आहे ते सांग. मला काही दिसत नाही यातलं."

जावकरावांनी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली आणि तिकीट दोन्ही हातांत धरलं. कागद हातात आला की तो वरपासून खालपर्यंत वाचायचा, ही सवय होती. परतीची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती, ती त्यांनी ताईला मोठ्याने सांगितली. तिकीट काढल्याची तारीख वर डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत होती. ती ताईने त्यांना मेल लिहिला त्याच्या चार दिवस आधीची होती.